पुन्हा चालवून बघा

सॉफ्टवेअरच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी 'पुन्हा चालवून बघ' हे सांगेन. टेस्ट लाल झाली? पुन्हा चालवून बघ. हिरवी झाली? चला, पुढे. वरवर यात काही वावगं नाही. घरचा मिक्सर चालला नाही तर आपणही बटण दोनदा दाबून बघतोच. पण ज्या सॉफ्टवेअरचं कामच ठरलेल्या वेळेच्या आत उत्तर देणं हे आहे, त्याच्या बाबतीत या वाक्याला पुरावा नष्ट करणं म्हणावं लागेल. हा शब्द मी विचार करून वापरतोय. कारण हे काम कुणी चोरून करत नाही. टूलमध्ये त्यासाठी बटण असतं. नापास टेस्ट आपोआप तीनदा चालवायची आणि एकदा जरी पास झाली तरी हिरवा टिळा लावायचा, अशी सेटिंग बहुतेक ठिकाणी असते. हिशोब करून बघा. दर दोन वेळांत एकदा नापास होणारी टेस्ट, म्हणजे निव्वळ छापा-काटा, तिला तीन संधी दिल्या तर शंभरातल्या सुमारे ८७ वेळा ती हिरवी दिसेल. आणि आपण त्याला गुणवत्ता म्हणतो.

आधी 'रिअल-टाइम' या शब्दाबद्दल. जाहिरातवाल्यांनी त्याचा अर्थ 'एकदम फास्ट' असा करून टाकलाय. तसं नाही. धरणाचा दरवाजा दोन मिनिटांत उघडणारी यंत्रणा रिअल-टाइम असू शकते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी दाखवणारं शॉपिंग ॲप नसतं. प्रश्न वेगाचा नाही, दिलेला शब्द पाळण्याचा आहे. तबलजी समेवर अर्धी मात्रा उशिरा आला तर आपण 'जरा स्लो आहे, पण बोल बरोबर वाजवले' असं म्हणत नाही. चुकला म्हणतो. अर्धी मात्रा आधी आला तरी चुकलाच. रिअल-टाइम सॉफ्टवेअरचं तसंच आहे. बरोबर उत्तर उशिरा आलं, म्हणजे उत्तर चूक.

ही साधी गोष्ट आमच्या पिढीच्या इंजिनियरांच्या गळी का उतरत नाही, याचं कारण मला आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये दिसतं. प्रॅक्टिकलला सर यायचे, स्क्रीनकडे बघायचे, 'आउटपुट आलं का?' विचारायचे आणि जर्नलवर सही करायचे. आउटपुट कधी आलं, दर वेळी तेवढ्याच वेळात येतं का, मशीनवर दुसरं काम चालू असताना येतं का, हे चार वर्षांत मला एकाही माणसाने विचारलं नाही. प्रायॉरिटी इन्व्हर्जनवर सहा मार्कांचं उत्तर मी मंगळावरच्या यानाच्या उदाहरणासकट लिहिलं होतं. सहापैकी पाच मिळाले. ते काय प्रकरण आहे हे मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळलं, आणि तेही माझ्याच चुकीमुळे.

मी पुण्यात विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या मोटर कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. नियम असा होता की ब्रेकची कळ दाबली की २० मिलिसेकंदांच्या आत मोटरने ढकलणं थांबवायचं. आमच्या टीममधल्या टेस्टरने त्यासाठी बेंच लावलं होतं. रात्रभरात ४०० वेळा कळ दाबली जायची आणि दर वेळचा वेळ नोंदला जायचा. बहुतेक रात्री सगळे आकडे ८ मिलिसेकंदांच्या आसपास. पण अधूनमधून एखादा आकडा ६० च्या पुढे. ती तिकीट टाकायची. आम्ही पुन्हा चालवायचो, पास व्हायचं, 'रिप्रोड्यूस होत नाही' असं लिहून तिकीट बंद व्हायचं. बंद करणाऱ्यांत मीही होतो. सात आठवड्यांत अशी अकरा तिकिटं झाली. तिने ती एका शीटमध्ये तारीख-वेळेसकट ठेवली होती, आणि तिला दोनदा मीटिंगमध्ये सांगितलं गेलं की तुझं बेंच लूज आहे, वायरिंग तपास.

दरम्यान दर आठवड्याच्या स्लाइडवर एक ओळ असायची. ब्रेक रिस्पॉन्स, सरासरी ८ मिलिसेकंद, मर्यादा २०. हिरवी. आता ३९९ वेळा ८ मिलिसेकंद आणि एकदा ६८ मिलिसेकंद लागले तर सरासरी किती होते? ८.१५. तो ६८ चा आकडा सरासरीने जवळजवळ पूर्ण गिळून टाकला. रिअल-टाइम कामात सरासरी छापणारा माणूस मला लबाड तरी वाटतो किंवा मग त्याला आपण काय छापतोय ते कळलेलं नसतं. मी दुसऱ्या गटातला होतो. सरासरी सर्व्हरवाल्यांना लागते, त्यांना किती मशिनी विकत घ्यायच्या ते ठरवायचं असतं. ब्रेक लावणाऱ्याला सरासरी मिळत नाही. त्याला त्या वेळचा एकच आकडा मिळतो.

६८ मिलिसेकंद म्हणजे काय? ताशी ४० किलोमीटरने जाणारी स्कूटर सेकंदाला ११ मीटर कापते. मर्यादेपेक्षा ४८ मिलिसेकंद जास्त, म्हणजे सुमारे अर्धा मीटर. तेवढ्यात कळीला जोडलेला खरा ब्रेक गाडी रोखत असतो आणि मोटर तिला पुढे ढकलत असते. पुण्यातल्या कुठल्याही चौकात अर्ध्या मीटरची किंमत काय आहे ते मी सांगायला नको.

कारण सापडलं ते असं. गाडी किती चालली, काय बिघाड झाले, याच्या नोंदी आम्ही फ्लॅश मेमरीत ठेवत होतो. त्या मेमरीत लिहायला जागा उरली नाही की अख्खं पान पुसावं लागतं आणि पुसायला काही दहा मिलिसेकंद जातात. आमचा प्रोग्रॅमही त्याच फ्लॅशमधून वाचला जात होता. त्यामुळे पान पुसलं जाईपर्यंत प्रोसेसर पुढची सूचना मिळण्याची वाट बघत गप्प उभा राहायचा. पान क्वचित भरायचं, आणि ते पुसणं व कळ दाबणं एकाच क्षणी यायला तसाच योग लागायचा. म्हणून अनेक रात्री काही नाही, आणि एके रात्री एक.

पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. योगायोगाचा हिशोब आम्ही मनातल्या मनात करून ठेवला होता, इतकी दुर्मीळ गोष्ट रस्त्यावर कशाला होईल. बेंचवर बॅटरीच्या जागी पॉवर सप्लाय होता. ब्रेक लावल्यावर मोटरकडून उलटा येणारा करंट त्याला सोसत नाही, म्हणून ती सोय बेंचवर बंद ठेवलेली. रस्त्यावर ती चालू असते. जोरात ब्रेक लावला की व्होल्टेज उसळतं, आणि व्होल्टेज उसळलं की आमचं सॉफ्टवेअर त्याची बिघाड म्हणून नोंद करायला फ्लॅशकडे धावतं. म्हणजे घाबरून करकचून लावलेला ब्रेक आणि फ्लॅशमधलं लिखाण या दोन वेगळ्या घटना नव्हत्याच. एक दुसरीला बोलावत होती. टेबलावरचा योगायोग रस्त्यावरचा नेम होता. चाचणीसाठी दिलेल्या गाड्यांपैकी एकीच्या चालकाने लिहूनही दिलं होतं की ब्रेक दाबल्यावर गाडी क्षणभर ओढते. त्याच्यापुढे शेरा होता, 'चालकाचा भास'. कुणाला काही झालं नाही. त्याचं श्रेय आमच्याकडे जात नाही.

दुरुस्ती दोन दिवसांची होती. गाडी उभी असतानाच पान पुसायचं आणि ब्रेकचा भाग रॅममधून चालवायचा. रिलीजच्या नोंदीत ती 'किरकोळ सुधारणा' या मथळ्याखाली गेली.

हे सगळं माझ्या एकट्याच्या मूर्खपणाचं असतं तर लिहायचं कारण नव्हतं. पण या धंद्याचा इतिहास याच मूर्खपणाने भरलेला आहे, आणि तो इतका नीट लिहून ठेवलेला आहे की माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही. थेरॅक-२५ हे किरणोपचाराचं यंत्र घ्या. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा दिली. टेक्सासमधल्या टायलर इथे दोन अपघात झाले, मार्च आणि एप्रिल १९८६ मध्ये. ऑपरेटरने किरणांचा प्रकार चुकीचा टाइप केला, लगेच वर जाऊन दुरुस्त केला आणि पुढे गेली. यंत्रातले चुंबक जागेवर बसायला सुमारे ८ सेकंद लागायचे, आणि त्या ८ सेकंदांत केलेली दुरुस्ती स्क्रीनवर दिसायची पण यंत्रणेच्या एका भागापर्यंत पोचायचीच नाही. कंपनीच्या इंजिनियरांना हा बिघाड पुन्हा घडवता येईना. तो घडवला रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी, त्या ऑपरेटरला सोबत घेऊन, ती नेमकी कशी टाइप करते ते पुन्हा पुन्हा करून. सवयीने तिचा हात जलद बसला होता. कंपनीत टेस्ट करणारे हळू टाइप करत होते. वेळेची चाचणी करताना माणसाचा हातही घड्याळाचा भाग असतो, हे तिथे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. याच्या आधीच्या मॉडेलमध्ये, थेरॅक-२० मध्ये, हीच चूक होती. पण तिथे किरण अडवणारी वेगळी हार्डवेअरची व्यवस्था होती, म्हणून फार तर फ्यूज उडायचा. नव्या मॉडेलमध्ये ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली. (आमच्याही स्कूटरमध्ये ब्रेकच्या कळीपासून मोटर तोडणारी थेट वायर सुरुवातीच्या आराखड्यात होती. खर्च वाचवायला काढली.)

दुसरं उदाहरण मला जास्त चीड आणणारं आहे, कारण त्यात सगळ्यांना सगळं माहीत होतं. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धहरान इथे पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेने येणाऱ्या स्कडवर मारा केलाच नाही, आणि अमेरिकेचे २८ सैनिक मेले. यंत्रणा सेकंदाच्या दहाव्या भागांत वेळ मोजायची आणि त्याला एक-दशांशने गुणून सेकंद काढायची. एक-दशांश ही संख्या बायनरीत पूर्ण लिहिता येत नाही. २४ बिटांत कापून लिहिली की किंचित चूक राहते आणि ती चालू तासांबरोबर वाढत जाते. सुमारे १०० तास बंद न करता चालवल्यावर ती ०.३४ सेकंदांवर गेली. स्कडच्या वेगाला हे अंतर अर्ध्या किलोमीटरहून जास्त. यंत्रणा स्कड शोधत होती, पण भलत्याच जागी.

सलग चालवलं की नेम ढळतो, हे इस्रायलने दोन आठवडे आधी कळवलं होतं. ८ तासांचे आकडे देऊन कळवलं होतं. दुरुस्त सॉफ्टवेअर तयारही झालं होतं, ते धहरानला पोचलं २६ तारखेला. त्याआधी २१ तारखेला वापरणाऱ्यांना एक संदेश गेला की 'फार जास्त वेळ' सलग चालवल्यास अडचण येऊ शकते. फार जास्त म्हणजे किती, ते त्यात नव्हतं. वापरणाऱ्यांना वाटलं, आपण काही तेवढा वेळ चालवत नाही. मला विचाराल तर वेळेविषयीच्या प्रत्येक कागदातून 'फार', 'लवकर', 'शक्यतो', 'साधारण' हे शब्द खोडायचा हक्क सगळ्यात कनिष्ठ माणसाला द्यायला हवा. आकडा लिहा. नसेल तर 'मोजलेलं नाही' असं लिहा.

आणि सलग चालवणं हा काही युद्धातलाच प्रश्न नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला, कारण २४८ दिवस सलग वीज चालू राहिली तर जनरेटरचे सगळे कंट्रोलर एकदम स्वतःला बंद करून घेऊ शकत होते. ३२ बिटांच्या साइन्ड (चिन्हासहित) काउंटरमध्ये सेकंदाचे शंभरावे भाग मोजत बसलात तर तो २४८ दिवसांनी भरतो, हे कॅल्क्युलेटरवर एका मिनिटात निघतं. इतके दिवस टेस्ट चालवायची गरज नाही. काउंटर भरायच्या पाच मिनिटं आधीच्या आकड्यापासून सुरू करायचा. आम्ही हे आता करतो. आधी का करत नव्हतो, याला उत्तर नाही.

आता मला नेहमी ऐकवले जाणारे मुद्दे. पहिला, नापास होणाऱ्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा दोष बेंचचाच असतो. मान्य. सैल वायर, झोपी गेलेला लॅपटॉप, मधेच अपडेट होणारं विंडोज, हे मी सगळं पाहिलंय. पण दोष बेंचचा आहे हे बघितल्यावर कळतं, न बघता नाही. लाल निकाल बेंचचा निघाला तर बेंच दुरुस्त करा. पुन्हा चालवल्याने बेंचही दुरुस्त होत नाही.

दुसरा मुद्दा, लाखो तास चाललंय, काही झालं नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. ओहायोतल्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याच्या सूचना देणारी यंत्रणा त्या दुपारी गुपचूप अडकून बसली होती, आणि तारा पडत होत्या तरी समोरच्या माणसांना काही कळत नव्हतं. आत दोन प्रक्रिया एकाच माहितीवर एकाच वेळी लिहायला गेल्या होत्या. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जीई कंपनीने नंतर सांगितलं की त्याआधी ते ठिकठिकाणी मिळून ३० लाख तासांहून जास्त चाललं होतं आणि ती चूक कधी वर आली नव्हती. ती शोधायला त्यांना काही आठवडे लागले, आणि सापडली ती कोडमध्ये मुद्दाम उशीर घालून, यंत्रणा संथ करून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वेळेची चूक वाट बघत बसून सापडत नाही, तिची फट रुंद करावी लागते. इथे थांब, तिथे अडखळ, हा संदेश उशिरा दे, तो दोनदा दे. प्रोग्रॅमला त्रास द्यावा लागतो. आमच्याकडे टेस्ट म्हणजे प्रोग्रॅमला त्याच्या सोयीच्या वेळी भेटायला जाणं.

तिसरा मुद्दा मॅनेजर मंडळींचा लाडका. सीपीयूचा लोड चाळीस टक्केच आहे, वेळ कसा कमी पडेल? किंवा, मोठा प्रोसेसर लावू. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये सिद्ध केलं की एका प्रोसेसरवरची ठरावीक कालाने येणारी कामं, जास्त वारंवार येणाऱ्याला आधी मान या नियमाने लावली तर, एकूण लोड सुमारे ६९ टक्क्यांपर्यंत असेतोवर सगळी वेळेत होतातच. हा निकाल सुंदर आहे, पण त्याच्या अटी आहेत, आणि कामांनी एकमेकांना अडवायचं नाही ही त्यातली एक. आमच्या फ्लॅशने ती अट मोडली होती. लोड तेव्हा ३५ टक्के होता. मोठ्या प्रोसेसरचं म्हणाल तर त्यातले कॅश आणि जास्तीचे कोअर सरासरी खाली आणतात, पण सगळ्यात वाईट वेळ किती हे सांगणं आणखी अवघड करून ठेवतात.

चौथा मुद्दा विद्वानांचा. डाइकस्ट्रा म्हणूनच गेलेत की टेस्टिंगने चुका आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे दाखवता येत नाही. मग वेळेच्या टेस्टवर इतका जीव का टाकायचा? माझं उत्तर असं की या वाक्याचा पहिला भाग कुणी वाचत नाही. चूक आहे हे टेस्ट दाखवते. आमच्या टेस्टने अकरा वेळा दाखवली. बाकी, सगळ्यात वाईट वेळ कागदावर आधी काढायला हवी, डिझाइनमध्येच बांधून घालायला हवी, हे मला शंभर टक्के मान्य आहे. ज्यांना टेस्टचा राग आहे त्यांनी तो कागद दाखवावा. अजून तरी कुणी दाखवलेला नाही.

आता ते सहा मार्कांचं उत्तर. मार्स पाथफाइंडर ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत आपोआप रीसेट व्हायला लागलं. हवामानाची नोंद करणारं कमी महत्त्वाचं काम एक कुलूप धरून बसायचं. त्याच कुलपाची वाट बघत महत्त्वाचं काम तिष्ठायचं. आणि मधल्या महत्त्वाची कामं मध्ये घुसून पहिल्याला कुलूप सोडूच द्यायची नाहीत. मग पहारेकरी काम बघायचं की वेळ टळली, आणि सगळं रीसेट करायचं. एवढं पुस्तकात होतं. पुस्तकात नव्हतं ते असं की हा बिघाड उड्डाणापूर्वी पृथ्वीवर दिसला होता. पुन्हा घडवता आला नाही, आणि टीमचा सगळा जोर यान सुखरूप उतरवण्यावर होता. त्यांना मी दोष देणार नाही, कारण त्यांनी एक गोष्ट केली जी आम्ही करत नाही. कोणतं काम कधी सुरू झालं, कधी थांबलं, याची नोंद ठेवणारी सोय त्यांनी यानातून काढून टाकली नव्हती. तीच सोय वापरून त्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर बिघाड घडवला आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. आमच्याकडे गाडी विकायला निघाली की 'डीबग कोड काढा, मेमरी वाचवा' हा पहिला हुकूम असतो. वर गंमत अशी की ती नोंद काढल्याने वेळाही बदलतात, म्हणजे जे तपासलं ते विकलं जात नाही आणि जे विकलं जातं ते तपासलेलं नसतं.

सध्या मी दुसऱ्या कंपनीत आहे. टेस्टरचं शीट मी इथे आणलंय, म्हणजे त्याची पद्धत. लाल निकाल पुसला जात नाही, पुन्हा चालवलं तरी आधीचा लालच राहतो, आणि अहवालात सरासरीचा रकाना नाही. सगळ्यात वाईट आकडा आणि तो किती वेळांत एकदा, एवढंच. पहिल्या महिन्यात डॅशबोर्ड इतका लाल झाला की वरून विचारणा आली, तुम्ही आल्यापासून क्वालिटी का घसरली? ती टेस्टर आता या क्षेत्रात नाही. 'निगेटिव्ह आहे' असा तिच्या मूल्यमापनात शेरा होता, हे मला तिनेच नंतर सांगितलं. त्या अकरापैकी चार तिकिटं मी बंद केली होती, हे तिला माहीत होतं. ती काही बोलली नाही.

गेल्या मंगळवारी रात्रीच्या टेस्टमध्ये १,२०० पैकी एक आकडा मर्यादेच्या बाहेर गेला. ३१ मिलिसेकंद, मर्यादा २५. त्यानंतर चार रात्री सगळं व्यवस्थित आहे. कारण सापडलेलं नाही. रिलीज सोमवारी आहे आणि तिकिटावर माझं नाव आहे. ते अजून उघडं आहे.